थर्मोकोलचा दगड

पटकथेत एवढंच होतं, पान अकरा:
"शेल्फवर ऑर्विलचा फोटो. तीन सेकंद."
आणि पान बाराच्या तळाशी:
"टेकडीवर थडगं. वारा."

वारा आमच्या खात्यात येत नाही.
थडगं येतं.

चौतीस वर्षांपूर्वी हाच ऑर्विल टॅगर्ट
शाळेची पिवळी बस घेऊन
गोठलेल्या तळ्यावर उतरला होता,
मागच्या सीटखाली पोरांनी लपवलेलं ते केसाळ ध्यान,
आणि बर्फ तडकत असताना म्हणाला होता,
"पट्टे नाहीत गाडीला. एकमेकांना धरा."
मी तेव्हा नऊ वर्षांची. हॅलिफॅक्सच्या थेटरात
शेजारच्या अनोळखी मुलाचा दंड धरला होता.

तळ्यातून वाचला, आगीतून वाचला,
सैनिकांच्या हातावर तुरी देऊन पोरांसकट निसटला,
आणि आता दोन सिनेमांच्या मधल्या फटीत,
कुणी बघत नसताना,
एका वाक्यात गेला.
"झोपेतच गेले. त्रास नाही झाला."

खरं कारण असं, की हॉलिस ब्रँडरिथ,
जो ऑर्विल व्हायचा,
तो आदल्या मार्चमध्ये गेला. लिव्हर.
सात महिने लागले, आणि त्रास झाला.
निर्माते म्हणाले, चेहरा संगणकावर करून घेऊ,
हुबेहूब, सुरकुत्यांसकट.
त्याच्या बायकोनं, इमोजेननं, फोनवर विचारलं,
"सकाळी उठल्यावर खोकेल का तो?
चहाच्या आधी दोनदा, नंतर एकदा?"
पलीकडे कुणी बोलेना.
मग थडग्यावर निभावलं.

थर्मोकोल. वर वाळूचा लेप, राखाडीचे चार हात,
स्पंजनं शेवाळ, उत्तरेच्या अंगाला जरा जास्त.
नाव कोरलं. जन्मसाल पहिल्या सिनेमात
त्याच्या लायसन्सवर दिसतं, तेच घेतलं.
मृत्यूचं साल मात्र कुणी ठरवलंच नव्हतं.
दिग्दर्शकाला विचारलं. घड्याळ बघत म्हणाला,
"गवत लाव. झाकून टाक."
म्हणून तिथे गवत आहे.
पडद्यावर ते फार हळवं दिसतं.

केप ब्रेटनच्या टेकडीवर, चित्रीकरणाच्या दिवशी,
खरा वारा आला आणि दगड उडाला.
गडगडत गेला म्हणणार होते, पण गडगडतात ते दगड;
हा उड्या मारत, तरंगत, रिकाम्या खोक्यासारखा,
आणि मागे आम्ही सात जण,
हसून हसून पोटं धरलेली.
काळ्या कोटातली ती नटीही धावली,
पहिल्या सिनेमात जी मागच्या सीटवर होती,
पुढचे दोन दात पडलेली.
धावता धावता खाली बसली
आणि उठेचना.

कॅमेरा बंद होता.
नंतर तीन वेळा रडली, छान रडली.
त्यातलं दुसरं घेतलंय.

सामान आवरताना इमोजेन आली, छोटा ट्रक घेऊन.
"तो दगड फेकणार असाल तर मला द्या.
त्याला आम्ही समुद्रात सोडलं, त्याचंच म्हणणं.
आता बोलायला कुठे जाऊ?
समुद्र फार मोठा आहे,
आणि स्वतःच बोलत बसतो."
मी म्हटलं, पण नाव ऑर्विलचं आहे.
"असू दे. निम्मं टपाल त्याच नावानं यायचं.
विजेचं बिल तेवढं हॉलिसचं."
एका हातानं उचलून तिनं तो मागे टाकला.

सिनेमा लागला. फोटो मी मोजून पाहिला,
अडीच सेकंदही नाही.
माझ्या पुढच्या रांगेतला एक टकला माणूस
तेवढ्यात टोपी काढायला गेला,
मग डोक्यावर टोपी नाही हे लक्षात येऊन
तसाच हात ठेवून बसला.

ऑगस्टमध्ये इमोजेनकडे गेले होते.
परसात, बटाट्याच्या वाफ्यापाशी,
दोन विटांच्या टेकूवर उभा आहे.
पाखरांनी एक कोपरा टोचून टोचून
आतले पांढरे दाणे बाहेर काढलेत,
मातीत भुरभुरलेत, भर उन्हाळ्यात बर्फ.
माझं खोटं गवत तिनं उपटून टाकलंय.
त्या जागी, जिथे मी काहीच कोरलं नव्हतं,
खिळ्यानं, वाकड्या अक्षरात,
साल आहे, महिना आहे,
आणि त्यापुढे,
लिव्हर कुणाचं होतं ते न सांगता,
पहाटेची वेळ.